पुस्तक न उघडता दिलेला निकाल

वह्या मिटा. आज मी काही लिहून देणार नाही. फळ्याकडं बघू नका, माझ्याकडं बघा.

अमेरिकन साहित्याच्या पेपरला प्रश्न सरळ होता. नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीत हेस्टर प्रिनची भूमिका काय आहे, ते प्रसंग देऊन स्पष्ट करा. यावर प्रश्न येणार हे आधीच सांगून ठेवलं होतं. ग्रंथालयात प्रती आहेत, शब्दकोश आहेत. तरीही तुमच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला आणि लगेच कळलं की वर्गभर एकाच गाईडची झेरॉक्स फिरली आहे. वाक्यं सारखी, आणि चुकाही सारख्याच. व्यभिचाराबद्दल चौथऱ्यावर शिक्षेला उभी राहते तेव्हा हेस्टरची मुलगी पर्ल सात वर्षांची असते, असं गाईडवाल्यानं ठोकून दिलं आणि तुम्ही त्याची री ओढलीत. अरे, ती पोर तेव्हा तीन महिन्यांची आहे, आईच्या कडेवर आहे, उन्हानं डोळे मिचकावते आहे. दुसरं प्रकरण उघडलं असतं तर दिसलं असतं. एकीनं शेवट असा केलाय की हेस्टर आणि तिच्या मुलीचा बाप, धर्मोपदेशक डिम्सडेल, दोघं मिळून गाव सोडून सुखानं निघून जातात. तो १९९५ साली आलेल्या डेमी मूरच्या चित्रपटाचा शेवट आहे, बाई. कादंबरीत डिम्सडेल त्याच चौथऱ्यावर, भर लोकांत, हेस्टरच्या आधारानं प्राण सोडतो.

उतरवून काढल्याबद्दल गुण कापायचे तेवढे कापले आहेत, त्यावर आणखी बोलत नाही. मला राग आलाय तो तुम्ही दिलेल्या निकालांचा.

निम्म्या वर्गानं लिहिलंय की हेस्टर पापी स्त्री आहे, तिनं कुळाला बट्टा लावला आणि तिला कर्माचं फळ मिळालं. समुद्र ओलांडून एकट्यानं बॉस्टनला आलेल्या बाईचं कुठलं कुळ तुम्हाला तिथं दिसलं? उरलेल्या निम्म्यांनी तिला मखरात बसवलंय. त्यागमूर्ती काय, सहनशील काय, आदर्श माता काय. शिव्या देणाऱ्यांनी पुस्तक वाचलेलं नाही आणि आरती ओवाळणाऱ्यांनीही नाही. एका बाईनं नेमकं काय केलं हे न बघता दहा जणांनी जमून तिच्याबद्दल ठरवून मोकळं व्हायचं, हेच तर त्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणांत चाललंय. तुम्ही सरळ त्या बाजारातल्या गर्दीत जाऊन उभे राहिलात.

आता ऐका. तुरुंगाचं दार उघडतं. शिपाई हेस्टरच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढं आणतोय. उंबऱ्यापाशी ती त्याचा हात बाजूला सारते आणि स्वतःच्या मर्जीनं निघाल्यासारखी बाहेर पाऊल टाकते. एवढीशी हालचाल आहे ती. पण कादंबरीत ही बाई पहिल्यांदा दिसते ती असं करताना दिसते, हे तुमच्यापैकी एकाच्याही उत्तरात नाही. मग तिच्या छातीवरचं ते लाल कापडाचं ‘A’ हे अक्षर बघा. ते लावायची शिक्षा न्यायाधीशांनी दिली, खरं. पण त्याच्या कडेनं सोनेरी धाग्याची दाट वेलबुट्टी कुणी काढली? तिनंच, कोठडीत बसून. गर्दीतल्या बायका नेमक्या त्यावरच भडकतात. शिक्षा दिली तर हिनं त्याचा दागिना करून मिरवला, म्हणतात. एक म्हातारी म्हणते, तो भारी झगा हिच्या अंगावरून ओढून काढा, आणि अक्षराला मी माझ्या संधिवाताच्या फडक्यातलं चिंधूक देते. त्याच घोळक्यात एक तरुण लेकुरवाळी उभी आहे. ती इतकंच म्हणते की गप्प बसा, तिनं घातलेला एकेक टाका तिच्या काळजात रुतला असेल.

ही तरुण बाई हॉथॉर्ननं तिथं का उभी केली असेल? इतक्या कठोर तोंडांमध्ये एक नरम तोंड का ठेवलं? यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी डोळे झाकून गुण दिले असते. मुलींनो, तुम्हाला मुद्दाम सांगते. या वर्गात हेस्टरला सगळ्यात टाकून बोललंय ते मुलींनी. मुलांनी निदान ‘बिचारी’ तरी म्हटलंय. बाजारातही पुरुषांपेक्षा बायकाच जास्त विखारी आहेत, आणि लेखकानं ते उगाच लिहिलेलं नाही. का ते शोधा.

भूमिका विचारली की ती व्यक्ती काय करते, काय करायचं नाकारते आणि त्यामुळं गोष्ट कुठं वळते, ते बघायचं असतं. विशेषणांची माळ गुंफून भागत नाही. पाचव्या प्रकरणाचं नावच हेस्टर आणि तिची सुई असं आहे. शिक्षा भोगून ती बाहेर येते. तिनं बॉस्टनमध्येच राहावं अशी कुठलीही अट निकालात नाही. विलायतेला परत जायचं तर वाट मोकळी, रानात आदिवासींमध्ये जायचं तर तीही मोकळी. ती जात नाही. गावाबाहेर समुद्रकाठी एक पडीक झोपडं आहे, आधीच्या माणसानं जमीन नापीक म्हणून सोडून दिलेलं. तिथं ती पोरीला घेऊन राहते आणि सुईवर पोट भरते. गव्हर्नरच्या गळपट्टीवर तिचं भरतकाम, सेनाधिकाऱ्यांच्या पट्ट्यावर तिचं, धर्मोपदेशकाच्या कॉलरवर तिचं, तान्ह्या बाळांच्या टोपड्यांवर तिचं, मेलेल्यांच्या कफनावरसुद्धा तिचंच. फक्त नवरीच्या शुभ्र ओढणीवर तिला टाका घालू देत नाहीत. जिला गावानं वाळीत टाकलं तिच्या हातचं काम अंगावर घालून तेच गाव देवळात जाऊन बसतं, आणि लग्नाच्या कपड्याला मात्र तिचा हात चालत नाही. त्या समाजाचा दुटप्पीपणा हॉथॉर्ननं भाषण ठोकून सांगितलेला नाही. कपड्यांची यादी देऊन सांगितला आहे. आणि तुम्ही लिहिलंत काय, तर ‘ती शिवणकाम करून उदरनिर्वाह करत असे’. बस्स, एवढंच.

ती स्वतः जाडंभरडं, मळकट रंगाचं नेसते. मुलीला मात्र लालभडक मखमल, त्यावर सोन्याची नक्षी. आदर्श माता म्हणून सोडून देणाऱ्यांनी याचा विचार करायचा. आई पोरीला त्या अक्षराच्याच रंगात का सजवते? हे लाड आहेत, की बंड आहे, की स्वतःला रोज आठवण करून देणं आहे? मला विचाराल तर तिन्ही आहे. पण माझं मत उतरवून आणू नका.

आणखी एक, आणि हे तुम्हाला मी अधिकारानं सांगते. तुम्ही ढेबेवाडी, तारळे, हेळवाक, मोरणेच्या खोऱ्यातनं एसटीला लोंबकळत पाटणला येता. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे वडील मुंबईत माथाडीत आहेत, आई इथं. शेत तिचं, जनावरं तिची, म्हातारी माणसं तिची, तुमची फी तिची. ती कुणाच्या दारात उभी राहिली, कुणाच्या गाडीवरनं आली, बाजारात कुणाशी बोलली, याचा हिशेब अख्खं गाव कसा ठेवतं, हे तुम्ही लहानपणापासून बघत आलाय. हेस्टरच्या नवऱ्यानं तिला पुढं पाठवून दिलं होतं, मागाहून येतो म्हणून. दोन वर्षं त्याचा पत्ता नाही. नव्या मुलखात, सगळ्यांच्या नजरेसमोर, नवरा जिवंत आहे की बुडाला हे ठाऊक नसलेली ती तरुण बाई. तिची ही स्थिती समजायला तुम्हाला गाईड लागतं? पुण्या-मुंबईच्या पोरांना नसेल इतकी समज तुमच्या घरात आहे, आणि ती तुम्ही उत्तरपत्रिकेबाहेर ठेवलीत, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता तिच्या गप्प बसण्याकडं या, कारण कादंबरी त्यावर उभी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४४ साली मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन अशा दोघांना व्यभिचाराबद्दल फाशी झाली होती. म्हणजे त्या काळच्या कायद्यानं पुरुषाचीही मान दोरात जात होती. मग चौथऱ्यावर हेस्टर एकटी का? तिनं नाव सांगितलं नाही म्हणून. वरच्या सज्जात बसलेले धर्मोपदेशक तिला नाव विचारतात, आणि विचारायचं काम नेमकं कुणावर येतं, तर डिम्सडेलवर, त्या मुलीच्या बापावर. तो तिला लोकांसमक्ष विनवतो की नाव सांग. ती त्याच्या डोळ्यांत बघते आणि नाही म्हणते. त्या एका नकारानं त्याचा जीव वाचतो, आणि तोच नकार त्याला सात वर्षं आतून कुरतडतो. तिनं तोंड उघडलं असतं तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणात संपली असती.

आणि तिची चूक? चूक तिचीही आहे, पण तुम्ही लिहिलेली नाही. नवरा वैद्याच्या वेषात, रॉजर चिलिंगवर्थ हे नाव घेऊन गावात येतो आणि तो कोण आहे हे कुणाला न सांगण्याचं वचन तिच्याकडून घेतो. ती देते. ते वचन पाळल्यामुळं चिलिंगवर्थ डिम्सडेलच्या घरात वैद्य म्हणून शिरतो आणि त्याच्या मनाची चिरफाड करत बसतो. सात वर्षांनी रानात ती डिम्सडेलला खरं सांगते. तो संतापतो, तुला क्षमा नाही म्हणतो, आणि ती त्याला मिठीत घट्ट धरून क्षमा मागत राहते, मिळेपर्यंत. प्रेमाबद्दल तिनं मान खाली घातलेली नाही, या लपवालपवीबद्दल घातली आहे. स्वतःच्या अपराधाचा तिचा हिशेब गावाच्या हिशेबाहून वेगळा आहे. ‘पापी’ हा शिक्का मारणाऱ्यांनो, कशाबद्दल पापी, हे तरी तिला विचारायचं होतं.

डिम्सडेलला मात्र तुम्ही किती सांभाळून घेतलंत! दुर्बळ पण प्रामाणिक, पश्चात्तापाची मूर्ती, आतल्या आत जळणारा. सात वर्षं तो व्यासपीठावरून प्रवचनं देतो, लोक त्याला संत मानतात, आणि ती रस्त्यानं जाते तेव्हा पोरं तिच्या मागं ओरडत पळतात. दोघांची गोष्ट एकच, माप दोन. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून हेच विचारलं होतं, की जे दोष पुरुषांच्या अंगी आहेत ते एकट्या बायकांच्या माथी का मारता. मराठीत विचारून झालेल्या प्रश्नाचा पत्ता एम. ए.ला जायला निघालेल्या पोरांना नाही.

आपल्या जिल्ह्याचंच बोलते. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव खंडाळा तालुक्यात, आपल्या साताऱ्यात. ३ जानेवारीला फोटोला हार घालता आणि सुटता. त्यांचं नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं २९ ऑगस्ट १८६८ चं पत्र कुणी वाचलंय? डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात ते आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण, गावोगाव पंचांग सांगत फिरणारा, आणि सारजा नावाची महार मुलगी. दोघांचं प्रेम बसलं, ती सहा महिन्यांची गरोदर राहिली. लोकांनी दोघांना धरून गावातनं वाजतगाजत मिरवलं आणि ठार मारायला निघाले. सावित्रीबाई धावत तिथं गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांचे जीव वाचवले. दोघांनी गाव सोडावं असं गावानं ठरवलं, आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं. १८५० साली छापलेल्या अमेरिकन कादंबरीतला चौथरा अठरा वर्षांत आपल्या जिल्ह्यात खराखुरा उभा राहिला. इथं जातीचा विखारही त्यात मिसळला होता, हे विसरू नका; बॉस्टन आणि नायगाव सरसकट एक करून मोकळे होऊ नका. पण जमाव कसा जमतो, कुणाला पुढं ढकलतो, आणि एखादं माणूस आडवं पडलं तर काय वाचतं, ते त्या पत्रात आहे.

पुण्यात फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच कारणासाठी. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर तिथंच ठेवावं. १८७४ साली काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत, पुढं डॉक्टर झाला. आता आठव्या प्रकरणाकडं वळा. गव्हर्नर बेलिंगहॅमच्या घरात बसून ही प्रतिष्ठित मंडळी ठरवायला निघतात की असल्या आईकडं मूल ठेवावं की काढून घ्यावं. हेस्टर तिथं गुडघे टेकत नाही. ती डिम्सडेलकडं वळून म्हणते की माझ्या वतीनं तू बोल. आणि त्याला बोलावं लागतं. तिचं मूल तिच्याकडं राहतं. ती किती हुशार आहे, कुणावर कधी भार टाकायचा हे तिला किती अचूक कळतं, ते या प्रसंगात दिसतं. सोशीक म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचायचं.

तेरावं प्रकरण तर मी सांगत बसणार नाही, ते तुम्हीच वाचायचं आहे. एवढं लक्षात ठेवा, की साथीच्या रोगात ती आजाऱ्यांच्या उशाशी बसते आणि लोक त्या अक्षराचा अर्थच बदलून घेतात, ‘एबल’ म्हणजे समर्थ असा. पण आभार मानायला कुणी पुढं आलं तर ती अक्षरावर बोट ठेवते आणि निघून जाते. लोकांना वाटतं नम्रता. हॉथॉर्न सुचवतो की तो अभिमानही असेल. त्याच प्रकरणात ही बाई एकटी बसून असा विचार करते, की बायकांना न्याय मिळायचा असेल तर समाजाची सगळी रचना मोडून नव्यानं बांधावी लागेल. त्याच प्रकरणात, पोरीला आधी मारून मग स्वतः मरावं, हाही विचार तिच्या मनाला शिवतो. पर्ल नसती तर ती १६३८ साली बॉस्टनमधून हद्दपार झालेल्या ॲन हचिन्सनच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली असती, असं लेखकच म्हणतो. अशा बाईला तुम्ही ‘आदर्श माता’ म्हणून दोन शब्दांत गुंडाळलंत.

शेवटाबद्दल मात्र माझं हॉथॉर्नशी भांडण आहे, आणि तुमचंही असावं. हेस्टर पर्लला घेऊन परदेशी जाते, काही वर्षांनी एकटीच परत येते, कुणी सांगितलेलं नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. इथवर ती तिच्यासारखीच वागते. दुखावलेल्या बायका सल्ल्यासाठी तिच्या झोपडीत येतात, हेही पटतं. पण मग लेखक तिच्या तोंडी असा विचार घालतो, की नवा काळ आणणारी स्त्री निष्कलंक असायला हवी, आपल्यासारखी कलंकित बाई ते काम करू शकणार नाही. तेराव्या प्रकरणात समाज मुळापासून मोडायला निघालेली बाई इथं स्वतःलाच अपात्र ठरवते? मला हे हेस्टरचं वाटत नाही. हॉथॉर्न कचरला, असं माझं स्पष्ट मत आहे. सालेमच्या १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश असलेला जॉन हॅथॉर्न हा त्याचा पूर्वज. त्या घराण्याची लाज त्यानं प्रस्तावनेत उघड मांडली आहे, आणि तरीही अखेरीस त्याचा हात आखडला. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर पुरावा देऊन मला खोडून काढा. पाऊणशे टक्के गुणांपेक्षा मला ते आवडेल.

इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक आहेत, मान्य आहे. मराठी माध्यमातून आलाय, तेही ठाऊक आहे. म्हणून पुस्तक टाळायचं नसतं, सावकाश वाचायचं असतं. एका तासाला चार पानं झाली तरी चालतील. अडेल तिथं खूण करून माझ्याकडं या, मी कॉलेज सुटल्यावर थांबते, शेवटच्या एसटीपर्यंत थांबते. हेस्टरची चोवीस प्रकरणं तुम्हाला झेपणार नाहीत असं एकदाही माझ्या मनात आलेलं नाही. आलं असतं तर इतकी बोललेच नसते.

तर हे गठ्ठे परत घ्या. पुढच्या सोमवारी हेच उत्तर नव्यानं लिहून आणायचं. दुसरं, पाचवं, आठवं, तेरावं, सतरावं आणि चोविसावं, या प्रकरणांतला निदान एकेक प्रसंग त्यात हवा, आणि प्रत्येक प्रसंगापुढं पान क्रमांक. ‘पापी’ आणि ‘त्यागमूर्ती’ हे दोन शब्द ज्याच्या कागदावर दिसतील त्याचा कागद मी तिथंच परत देईन. आता वह्या उघडा, आणि पाचव्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद कोण मोठ्यानं वाचतंय? मागच्या बाकावरनं सुरुवात करू.